आधी बाळाचे करा, मग माया

पितृत्व रजेचा विषय निघाला की घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक आक्षेप हमखास येतो: पुरुषाला मुळात मुलाचे करण्याची हौसच नसते, मग रजा घेऊन तो क्रिकेट बघत लोळणार. लंडनमध्ये बसून हे वाचताना मला चार्ली चॅप्लिनचा १९२१ सालचा मूकपट ‘द किड’ आठवतो, कारण त्यातल्या भटक्याला तर बाप व्हायचेच नसते.

गल्लीत सापडलेले तान्हे मूल तो आधी एका बाईच्या बाबागाडीत ठेवू पाहतो, मग एका म्हाताऱ्याच्या हातात कोंबून पळतो आणि सगळे उपाय हरल्यावर गटाराची जाळी उचलून क्षणभर आत डोकावतोही. पुढच्या प्रसंगात मात्र किटली दोरीने टांगून तिच्या तोटीला दूध चोखायची रबरी बोंडी लावलेली आहे, खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून खाली पिकदाणी ठेवली आहे आणि हा गृहस्थ कापडाचे लंगोट कापत बसला आहे. मायेचे उमाळे इथे कुठेच नाहीत. आधी काम अंगावर पडते आणि ते निस्तरता निस्तरता माणूस इतका गुंततो, की पाच वर्षांनी अनाथालयाचे लोक मुलाला न्यायला येतात तेव्हा तो छपरांवरून धावत त्यांच्या मोटारीवर उडी घेतो. चित्रीकरणाच्या थोडे आधी, १९१९ मध्ये, चॅप्लिनचे पहिले मूल तीन दिवसांचे होऊन गेले होते; स्वतः चॅप्लिनला सातव्या वर्षी आई व भावासह इथल्या लॅम्बेथच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात राहावे लागले होते. म्हणूनच बहुधा अनाथालयाच्या माणसांची त्याने इतकी चिडून चेष्टा केली आहे.

हौस नाही म्हणून रजा नको, हा युक्तिवाद म्हणूनच मला उलटा वाटतो. अर्थात ‘तुमच्याकडे बरे असते’ असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, तर ब्रिटनमध्ये नोकरदार बापाला कायद्याने जेमतेम दोन आठवडे, तेही तुटपुंज्या भत्त्यावर. आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला तेवढेही नाहीत. चॅप्लिनचा भटक्या दारोदार फिरून काचा बसवणारा आहे (त्या आधी मुलगाच फोडून ठेवतो, ते सोडा). त्याला आज लंडनमध्ये एका दिवसाची पगारी रजा मिळाली नसती. मुंबईतल्या रिक्षावाल्यालाही मिळत नाही, आणि आपल्या वादात त्याचे नाव अजून कोणी घेतलेले नाही.