खुलासा: ओळंबा नव्हे, काटकोन
‘होडीच्या तळाला भोक पाडताना ड्रिल ओळंब्यात धरा, म्हणजे भोक सरळ येतं,’ असा सल्ला फिरतोय. सीकॉकच्या (तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) फिटिंगसाठी तो चुकीचा आहे. तळ बहुधा व्ही आकाराचा, उतरता. ओळंब्यातलं भोक त्या उताराला तिरकं पडतं आणि फिटिंगची कॉलर (तळाला टेकणारी चपटी कड) एका बाजूने उचललेली राहते. मग ती फट सीलंट चोपडून झाकायची!

भोक तळाच्या पृष्ठभागाला काटकोनात हवं. जाड लाकडी ठोकळ्यात पिलर ड्रिलवर (स्टँडवर बसवलेल्या ड्रिलवर) आधी सरळ भोक पाडून घ्या, ठोकळा तळाला घट्ट टेकवा आणि त्यातून ६ मिलिमीटरचा बिट चालवा. ४० मिलिमीटर जाडीत ५ अंश चुकले तरी पलीकडे साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. नजरेवर कशाला विसंबायचं? पुढे त्याच भोकाच्या आधाराने होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी करवत) बाहेरून अर्ध्यापर्यंत, उरलेलं आतून. आतूनच रेटत नेलं की बाहेर जेलकोटचे (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराचे) टवके उडतात.

सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही म्हणा. फिश फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग, फेअरिंग ब्लॉकवर (तळाचा उतार भरून काढणाऱ्या ठोकळ्यावर) बसवायचा असेल, तर भोक खरंच ओळंब्यात लागतं. फक्त होडी पाण्यात तरंगते तशीच समपातळीत टेकवलेली हवी.