त्या भुयारात दुकानं टाकण्याआधी माझ्या बाबांना विचारा

सकाळपासून डोकं तापलंय. गावच्या ग्रुपवर लंडनच्या जुन्या भुयारांचा व्हिडिओ आला. हाय हॉलबर्न रस्त्याच्या खाली, सुमारे 30 मीटर खोल. 1940 च्या दशकात बॉम्बपासून जीव वाचवायला खोदलेली, पुढे तिथं टेलिफोन एक्स्चेंज चाललं. आता संग्रहालय, बार वगैरे होणार, 2024 मध्ये परवानगीही मिळाली. त्याखाली आमच्याच एका पोट्ट्यानं लिहिलं, "आपल्या बंद खाणीत बी असा मॉल करा. फूड कोर्ट, गेम झोन. पोट्ट्यायले काम भेटन." खाली अंगठ्यांची रांग.

अरे, तुझा आजा त्याच खाणीत कोळसा भरणारा लोडर होता रे!

माझे बाबा बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत खाली उतरले. काम छत पाहण्याचं. हातातल्या सब्बलीनं छत ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवायची. "टण्ण वाजलं तं छत जितं हाये. ढब वाजलं तं पाय काढ." घरी जेवताना बोलता बोलता सांगायचे, जसं कोणी पावसाचं सांगावं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना नागपूरला मॉलमध्ये नेलं. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरले, आणि सगळ्यात आधी खांबाजवळ जाऊन बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. मान तिरपी, कान खांबाकडे. माझी पोरगी हसली. मी चिडून म्हणालो, "चला ना बाबा, लोक पाहून राहिले." आज त्या वाक्याची लाज वाटते.

लंडनचं भुयार माणसांनी आत बसावं म्हणूनच बांधलं, आतून पक्कं अस्तर देऊन. आपल्याकडे खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडत पुढं जायचं आणि शेवटी परत येताना ते खांबही काढायचे. मागे छत पडतंच, पडू द्यायचं असतं. जिथं खांब राहिले तिथं पंप बंद झाला की पाणी चढतं, पंखा बंद झाला की वायू साचतो. त्यात आईस्क्रीमचं दुकान टाकता?

2022 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, विसरलात? घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. जुन्या खाणीची पोकळी खाली आहे आणि आपण वर झोपतो. आधी त्या पोकळीत वाळू भरायची मागणी करा, मग गेम झोन मागा.

हो, सावनेरला 2016 पासून खाण पर्यटन आहे, लोक जातात, मान्य. पण ती चालू खाण आहे, पंखा-पंप सुरू असलेली. आणि पोरांना काम हवं हेही खरंच आहे. माझाही भाचा डिप्लोमा करून घरीच बसलाय. त्या पोट्ट्यावर मी जरा जास्तच तापलो असेन.

एखादी पक्की, तपासलेली गॅलरी उघडणार असाल तर मी पहिलं तिकीट काढीन. पण आत दुकानाची पाटी नको. खाणीतले दिवे ठेवायचं बत्तीघर ठेवा, टोपीवरचा कॅप लॅम्प ठेवा, कोळसा वाहायचे टब ठेवा. आणि सांगायला निवृत्त माणसांना बसवा, पगार देऊन. बाबांसारखे किती जण चावडीवर खोकत बसलेत. खाली काय केलं, हे त्यांना कोणी विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं.

आत्ता जेवण झाल्यावर तो व्हिडिओ बाबांना दाखवला. चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. म्हणाले, "पुन्हा लाव." तीनदा लावला. दुकानं, दिवे कशाकडेच लक्ष नव्हतं, फोन डोळ्याजवळ नेऊन छतच पाहत होते.

मग विचारलं, "इतले लोक आत जातीन तं हवा कोण पाहते रे?"

मला काय माहीत, बाबा. उद्या त्या पोट्ट्याला घरी बोलावलंय, त्यालाच विचारा.