'पोत्यासारखं उचललं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात 'अप्पांची मॅच' हा लेख टाकला होता. व्हीलचेअरवरच्या वडिलांना सहा वर्षांनी कबड्डी बघायला क्रीडासंकुलात नेलं, गॅलरीच्या चौदा पायऱ्या आडव्या आल्या, आणि चार अनोळखी पोरांनी त्यांना खुर्चीसकट वर नेऊन ठेवलं, एवढीच ती गोष्ट. शेवटी 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं लिहिलं होतं. बहुतेकांना आवडलं. 'चाकांवरून' असं टोपणनाव घेतलेल्या एका वाचक बाईंना आवडलं नाही.

त्यांची प्रतिक्रिया लांबलचक आहे. थोडक्यात सांगायचं तर रॅम्पच्या उताराचा आकडा मी चुकवला. स्वच्छतागृह, अंध आणि कर्णबधिर प्रेक्षक यांचा लेखात पत्ताच नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा असताना मी उपकाराची भाषा बोलतो. संकुलाचं नाव मी दडवलं. आणि मग हे वाक्य : 'तुमच्या वडिलांना पोत्यासारखं उचलून नेलं आणि तुम्ही त्याला माणुसकी म्हणता. त्यांना आधी विचारलं होतंत का?'

आधी माझी चूक कबूल करतो, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं कुणी म्हणायला नको. रॅम्पचा उतार एकास दहा असावा असं मी लिहिलं होतं. ते एकास बारा हवं. फूटभर चढायचं तर बारा फूट लांबी. लेखात दुरुस्ती केली आहे. पण बाई, त्या संकुलाच्या मागच्या दाराशी चौथरा अडीच फुटांचा आहे आणि रॅम्प अकरा फुटांचा. तुमच्या हिशोबाने तीस फूट हवा, माझ्या चुकीच्या हिशोबाने पंचवीस. अकरा फुटांपुढे या पाच फुटांचं एवढं काय घेऊन बसायचं? शिवाय त्या रॅम्पला साखळी होती, साखळीला कुलूप, आणि चावीवाला शिपाई जेवायला गेलेला. तो उघडा असता तरी गॅलरीच्या पायऱ्या त्याच्या पुढेच आहेत. हे सगळं लेखात आहे. तुम्ही आकडा तेवढा वाचलात.

आता पोतं.

शब्द जपून वापरावा माणसाने. माझा बाप पोतं नाही. वाळवा तालुक्यातल्या मातीच्या मैदानांवर डाव्या कोपऱ्यात उभा राहून घोटा पकडणारा माणूस आहे तो. एकदा पकडला की चढाईवाला मध्यरेषेला बोट लावू शकायचा नाही, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. 2019 साली उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्यांना उचलायचं काम माझं आहे. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. दवाखाना, बँक, भाचीचं लग्न, दर वेळी मी आणि शेजारचा एक मुलगा. दोन वेळा माझी पाठ धरली. तेव्हा उचलणं म्हणजे काय हे मला कुणी प्रतिक्रियेच्या चौकटीतून शिकवू नये.

त्या पोरांनी कसं उचललं तेही ऐका. दोघे मागच्या मुठींना, दोघे पुढे खालच्या नळीला. ब्रेक लावलेले. पाय ठेवायच्या पट्ट्यांना धरायचं नाही, त्या निसटतात, हे मी आधीच बजावलं होतं. सातव्या पायरीवर एकाचा हात नळीवरून सरकून हातटेकूवर गेला आणि तो सुटा होऊन त्याच्या हातात आला. खुर्ची कलली. अप्पांनी डाव्या हाताने भिंतीचा कठडा धरला, तो वर जाईपर्यंत सोडलाच नाही, त्यामुळे पोरांना थोडं अवघड गेलं. लेखात हे घेतलं नव्हतं, उगाच कशाला. पण त्यांनी सावरलं ना? पोतं असतं तर सोडून दिलं असतं.

'विचारलं होतंत का' याचंही उत्तर देतो. पायऱ्यांखाली अप्पा म्हणाले, 'राहू दे, घरी जाऊ.' पण अप्पा सगळ्याला आधी 'राहू दे'च म्हणतात. नवा शर्ट घेताना म्हणतात, डोळ्यांच्या तपासणीला म्हणतात. बापाच्या प्रत्येक 'राहू दे'वर परत फिरायचं ठरवलं असतं, तर सहा वर्षांत ते खिडकीशीच बसून राहिले असते. आमच्या घरात या गोष्टी विचारून होत नाहीत, समजून होतात. तुमच्या घरात कशा होतात मला माहीत नाही.

तुम्ही स्वतः 19 वर्षं व्हीलचेअर वापरता हे वाचून वाईट वाटलं. (आता यावरही तुम्ही चिडाल.) पण म्हणून व्हीलचेअरवरच्या प्रत्येकाच्या वतीने बोलायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला? मीही सहा वर्षं त्याच खुर्चीच्या मागे उभा आहे.

राहता राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. स्वच्छतागृहाचं म्हणाल तर ते मी पाहिलंच नाही. अप्पा कुठे बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. 'पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी चाकाच्या खुर्चीतून खेळ दिसेल अशी जागा हवी,' हे वाचायला छान वाटतं. शेवटच्या मिनिटाच्या चढाईला सगळी गॅलरी उभी राहिली तेव्हा मी अप्पांच्या कानात सांगत होतो ना काय चाललंय ते. खाली मॅटजवळ का बसवलं नाही, हा एक प्रश्न तेवढा रास्त आहे. तिथे पाहुण्यांचे सोफे मांडलेले होते, दोन मॅच होईपर्यंत रिकामे. विचारायचं सुचलं नाही. अंध, कर्णबधिर वगैरेंबद्दल त्यांच्या घरच्यांनी लिहावं, एका लेखात सगळं जग मावत नाही. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर 2025 साली पॅरा ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा भरली हे मलाही माहीत आहे. दिल्ली ती दिल्ली. आणि संकुलाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. मला याच शहरात राहायचं आहे.

कायद्याचं मात्र ऐकवू नका. 31 वर्षं सरकारी कचेरीत बिलं तपासण्यात गेली. कागदावर रॅम्प कसा असतो, आणि फोटोत तो नेमका कुठल्या बाजूने काढायचा, हे दोन्ही पाहिलंय. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. कलम 45 म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम निघाले जून 2017 मध्ये, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. कलम 30 मध्ये तर खेळांच्या सोयीसुविधांचाच उल्लेख आहे. आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मानकं ज्या नियम 15 वर उभी होती, तो मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण त्यात नुसत्या शिफारशी आहेत, सक्ती नाही. केंद्राला सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. बघा, पाठ आहे सगळं. आता सांगा, संध्याकाळी साडेसहाला, पहिली मॅच सुरू झालेली, बाप पायऱ्यांखाली, अशा वेळी मी काय करायचं होतं? कलम 45 म्हणून दाखवायचं होतं पायऱ्यांना? तुम्ही म्हणता लेखी तक्रार करायची. करू की. पण ती चार पोरं तेव्हा समोर होती, तुमचा कायदा नव्हता.

तुम्ही मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलंत. 'ज्या मातीने देशाला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण दिलं तिथे ही अवस्था?' अहो, पेटकर आमच्या वाळवा तालुक्यातलेच, इस्लामपूरजवळच्या पेठचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. त्यांची गोष्ट मला अप्पांनीच सांगितली होती, मी चौथीत असताना. त्यात त्यांना कुणी उचललं का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं, त्याबद्दल शंका नाही.

शेवटी एक विनंती. इथे सगळे आपल्या नावाने लिहितात, तुम्हीही लिहा. आणि टीका जरूर करा, पण कुणाच्या घरातल्या नात्यात हात घालू नका. 'वडिलांना विचारून बघा, पुढच्या स्पर्धेला यायचंय का' असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पुढची स्पर्धा डिसेंबरात आहे. विचारीन. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, ते झोपलेत.