मॉलची पाठ आणि आपला रस्ता

'मॉल आले, आता तुळशीबाग संपली' हे पुण्यातल्या जुन्या बाजाराबद्दलचं भाकीत मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. विमाननगरचं फिनिक्स आणि हडपसरचं अमनोरा सुरू झालं २०११ मध्ये, वाकडचा मिलेनियम २०२३ मध्ये. तुळशीबाग संपली? गणपतीच्या आधीच्या रविवारी तिथे नुसतं पाऊल ठेवून दाखवा. २०२४ मध्ये शेजारच्या मंडईखाली मेट्रो आली आणि पिंपरीचे लोकही गाडी न काढता खरेदीला यायला लागले.

माझी तक्रार वेगळी आहे. लक्ष्मी रोडचं दुकान रस्त्याकडे तोंड करून बसलेलं असतं. साड्या बघता बघता माणूस बोहरी आळीत शिरतो, तिथून रविवार पेठेत, आणि वाटेत दोन ओळखीचे भेटतात. मॉलचं तोंड आत. रस्त्याच्या वाट्याला येते ती पाठ: लांबच लांब भिंत, जनरेटर, बेसमेंटचा उतार आणि त्यात शिरायला थांबलेल्या गाड्यांची रांग. फिनिक्सच्या नगर रोडला चालणाऱ्याला (असलाच कोणी तर) बघायला काय आहे?

गंमत म्हणजे बंदिस्त मॉलचा जनक व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ साउथडेल उभं राहिलं, तेव्हा त्याच्या डोक्यात भोवती घरं, शाळा, दवाखाने असलेलं, पायी फिरायचं गावच होतं. झालं काय, तर दुकानं आणि चहूबाजूंनी पार्किंग. म्हातारपणी त्याने या पोरांचं बापपण चक्क नाकारलं!

पण मॉलमध्ये जाणाऱ्यांना नावं ठेवू नका हो. माझी आई गुडघेदुखीमुळे लक्ष्मी रोड टाळते, मॉलमध्ये जाते. तिचं म्हणणं सरळ आहे, "तिथे बाथरूम आहे, बसायला जागा आहे, कोणी हटकत नाही." यातली कुठली गोष्ट मॉलवाल्याने द्यायची आहे? सगळी महापालिकेची कामं. आणि न हटकणंही कपडे बघूनच. १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीला क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा गर्दी आवरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच मोकळेपणी आत सोडत होते. आता तसा नियम नसतो, दारावरच्या गार्डची नजर पुरते.

महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा करते. छान. पुढचा नगर रोडला घ्या. पण आधी जाऊन फुटपाथ सापडतो का ते बघून या.