दोन लेकरं, एक हॅचबॅक आणि कारसीट (लांब आहे, पण वाचा)

गेल्या महिन्याभरात चार जणींनी मेसेज करून विचारलं की मुलांसाठी कुठली कारसीट (गाडीच्या सीटवर बसवायची पट्टेवाली छोटी सीट) घेतलीस, लिंक पाठव. लिंक पाठवून भागत नाही गं, कारण माझ्या गाडीत घट्ट बसलेली सीट तुझ्या गाडीत तशी बसेलच असं नाही, आणि तुझ्या घरात मागच्या सीटवर अजून कोण कोण बसतं ते मला कुठे माहितीये. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

आधी आमचं सांगते. आम्ही नाशिकचे. मोठी चिऊ चार वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा, नवरा सहा फूट उंच, सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते) सोबत असतात आणि गाडी 2019 ची साधी हॅचबॅक. चिऊ झाली तेव्हा कारसीट हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी काढला नाही. हॉस्पिटलमधून तिला आईंच्या मांडीवरून घरी आणलं, पुढे दोन वर्षं ती मांडीवरूनच फिरली, येवल्याला माझ्या माहेरी, वणीला, शिर्डीला, सगळीकडे.

मग दोन वर्षांपूर्वी मुंबईहून परत येताना, कसारा घाट सुखरूप चढून आलो, घोटी मागे टाकली, आता काय घर आलंच म्हणेपर्यंत विल्होळीच्या अलीकडे एक बाईकवाला उलट्या बाजूने सरळ समोर आला. नवऱ्याने कचकन ब्रेक मारला. गाडी साठ-पासष्टच्या वर नव्हती, कशाला धडकलोही नाही, नुसता ब्रेक. आणि चिऊ आईंच्या हातातून सुटून पुढच्या सीटच्या मागच्या प्लास्टिकवर आपटली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. दोन रात्री दर दोन तासांनी तिला उठवून बघत होतो. सुदैवाने काही झालं नाही, पण आई कितीतरी दिवस एकच म्हणत राहिल्या, "अगं मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, सुटली कशी?"

आईंची काहीच चूक नव्हती. हे मला नंतर वाचल्यावर कळलं आणि मी त्यांना बसून समजावलं. 50 च्या स्पीडला गाडी कशावर आदळून थांबली तर आतल्या माणसाला बसणारा मार साधारण 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. गाडी डोळ्याची पापणी लवायच्या आत थांबते, 10 किलोचं लेकरू मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतं, आणि त्याला धरून ठेवायला त्या क्षणाला अडीच-तीनशे किलोची ताकद लागते. पैलवानाला जमणार नाही ते आजीला कसं जमेल? आणि मांडीवर घेणाऱ्या माणसाने स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्याचं अख्खं वजन त्या बाळावर येतं, आणि बाळासकट एकच बेल्ट लावला तर बेल्ट आणि मोठं माणूस यांच्या मध्ये बाळ चेपतं. पुढच्या सीटवर मांडीवर घेणं तर त्याहून वाईट, एअरबॅग उघडते ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशोबाने, आणि तिथे बाळाचं डोकं असतं.

"आम्ही पाच-पाच लेकरं मांडीवर वाढवली" हे मी पण ऐकलंय आणि ज्या म्हणतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या एसटीने नाहीतर जीपने चाळीस-पन्नासच्या वेगाने जायच्या. आज आपण हायवेला सहज शंभरावर असतो, इगतपुरीला समृद्धीवर चढलं की कारला 120 ची परवानगीच आहे. वेग बदलला तर बसायची पद्धत नको बदलायला?

तर आता सीट. मी सगळ्यात आधी केलेली चूक सांगते. त्या ब्रेकनंतर घाबरून चार दिवसांत ऑनलाइन एक मागवली, "0 ते 12 वर्षं, ऑल इन वन", फोटोत फार छान. घरी आल्यावर बघितलं तर कुठलाही मान्यतेचा स्टिकर नाही, आणि गाडीच्या बेल्टने कितीही आवळली तरी पाळण्यासारखी डावी-उजवीकडे डुलते. परत केली. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी स्टिकर बघायचा. सीटच्या बाजूला किंवा मागे केशरी लेबल असतं, त्यावर गोलात E आणि एक आकडा, आणि आर44/04 किंवा आर129 लिहिलेलं, ही युरोपातली मानकं. आर44 मध्ये वजनाचे गट असतात, आर129 म्हणजे आय-साइझ, त्यात उंची धरतात आणि बाजूने धडक बसली तर काय होईल त्याचीही टेस्ट असते. आपल्याकडचं मानक एआयएस 072. यातलं काहीच नसेल तर ती बसायची खुर्ची आहे, सुरक्षेची सीट नाही, मग ती कितीही गुबगुबीत असो.

"इतक्या वर्षांसाठी" हे बॉक्सवरचं लिहिलेलं मनावर घेऊ नका. वजन आणि उंची बघा. तान्ह्या बाळांचं कॅरियर, हँडलवालं, साधारण 13 किलोपर्यंत चालतं. कन्व्हर्टिबल म्हणजे आधी मागे तोंड आणि नंतर पुढे तोंड करून बसवता येणारी, ती बहुतेक 18 किलोपर्यंत. त्यानंतर बूस्टर, 15 ते 36 किलो, त्यात मुलाला गाडीचाच बेल्ट लावायचा असतो, फक्त मूल उंच बसल्यामुळे तो गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता मांडीच्या हाडावरून जातो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर साधारण 4 फूट 9 इंच उंची होईपर्यंत बूस्टर सोडू नका म्हणतात, म्हणजे 8 ते 12 वर्षं वय. आपल्याकडे चार वर्षांचं पोर पुढच्या सीटवर उभं असतं!

दोन मुलं असतील किंवा दुसरं होणार असेल तर हे तीन टप्पे एका साखळीसारखे बघा. कपडे कसे एकाचे दुसऱ्याला येतात तसं. आमच्याकडे धाकटा आत्ता कॅरियरमध्ये आहे, चिऊ कन्व्हर्टिबलमध्ये. धाकट्याचं डोकं कॅरियरच्या वरच्या कडेला टेकायला लागलं किंवा 13 किलो झाले की तो चिऊच्या सीटमध्ये जाणार आणि चिऊ बूस्टरवर. म्हणून चिऊची घेतानाच खाली छापलेली मुदतीची तारीख बघून घेतली होती, कारण या प्लास्टिकला आणि पट्ट्यांना आयुष्य असतं, किती ते कंपनी सांगते. आणि म्हणूनच अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नका, ती आधी अपघातात होती का ते बाहेरून कळत नाही. नणंदेची, बहिणीची असेल, सगळा इतिहास माहिती असेल, तर जरूर घ्या.

मागे तोंड करून बसवणं, यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाला. आईंना ते बघवेना. बाळाचा चेहरा दिसत नाही, पाय दुमडतात, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. पण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने केवढं मोठं असतं आणि मान केवढीशी. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण त्या मानेवर. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. युरोपच्या आर129 मध्ये 15 महिन्यांपर्यंत हे सक्तीचं आहे, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये वयाची अटच काढून टाकली, सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा म्हणाले. पायांचं म्हणाल तर लेकरं तशीही दिवसभर मांडी घालूनच बसतात. एक गोष्ट मात्र कधीच नाही, मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगच्या समोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीच लावायची नाही.

आता आयसोफिक्स, म्हणजे कारसीट बेल्टऐवजी थेट गाडीलाच अडकवायची सोय. शोरूममध्ये गाडी घेताना आम्हाला याबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळते त्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, बोटभर आत, 6 मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून 28 सेंटीमीटरवर. सीटचे दोन जबडे त्यांना टक् करून धरतात आणि कारसीटवरच्या इवल्याशा खिडकीतला लाल रंग हिरवा होतो. आम्ही शोधत बसलो, सापडेनात. नंतर लक्षात आलं की वरून जे झकपक सीटकव्हर चढवून घेतलं होतं त्याने ती फटच शिवून टाकली होती. इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका सीटकव्हरवाल्या काकांनी ब्लेडने टाके उसवून, कडेला टीप मारून, चार सुबक फटी करून दिल्या, वीस मिनिटांचं काम. तुमच्याकडे कव्हर असेल तर आधी तिथे हात घालून बघा. गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कव्हर तिलाही आड येतं, तेही तपासा. आणि पुढे तोंड करून आयसोफिक्सवर लावताना सीटला टॉप टेदर, म्हणजे वरचा पट्टा असेल, तर तो मागच्या हुकात अडकवायचाच. तो तसाच लोंबत सोडलेल्या सीट मी कितीतरी गाड्यांमध्ये बघितल्यात.

जागेचा हिशोब घरी टेप घेऊन करा, प्लीज. आमची मागची सीट दारापासून दारापर्यंत 128 सेंटीमीटर भरली. दोन्ही कारसीट 44-44. कागदावर मध्ये 40 उरतात, प्रत्यक्षात कमी, कारण आयसोफिक्सच्या कड्या अगदी दाराला लागून नसतात. मग आजी कुठे बसणार? बराच खल करून असं ठरलं: आई पुढे. त्या बुटक्या आहेत, त्यांची सीट पुढे सरकवली तरी चालते, म्हणून त्यांच्या मागे धाकट्याची सीट, कारण मागे तोंड असलेली सीट लांबीला जास्त जागा खाते. नवऱ्याच्या मागे चिऊ. मध्ये मी. आणि इथे मला खरं सांगायचंय, आमच्या गाडीत मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे, त्याची मला दर प्रवासात काळजी वाटते. पुढची गाडी घेताना पहिली अट, मागे तिन्ही जागांना तीन पॉइंटचा, म्हणजे खांद्यावरूनही येणारा बेल्ट. सनरूफ नको, मोठी स्क्रीन नको.

सगळे म्हणतात आता फॅमिली वाढली, सात सीटर घ्या. घ्या, पण आधी शोरूममध्ये स्वतःची कारसीट घेऊन जा. मधल्या रांगेत कारसीट लावलेली असली की ती सीट दुमडून तिसऱ्या रांगेत जाता येत नाही, मग तिथे जाणार कोण आणि कुठून? शिवाय तिसरी रांग उघडली की डिकी जवळजवळ संपते, प्रॅम आणि डायपरची बॅग कुठे ठेवाल? भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपल्याकडची टेस्ट, 2023 पासून सुरू झालंय, त्यात मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे मार्क असतात. मुलांचे 49 पैकी, दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मापाचे बाहुले बसवून टेस्ट करतात. नुसते स्टार मोजू नका, मुलांचे मार्क बघा.

रोजच्या वापरातलं थोडं. पट्टा इतका आवळायचा की खांद्यावर चिमटीत धरता येता कामा नये. मागे तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यावा, पुढे तोंड असेल तर बरोबरीने किंवा वरून. डिसेंबरात निफाडकडून येवल्याला जाताना कितीही थंडी असली तरी जाड जॅकेट पट्ट्याच्या आत नको, ते धडकेत दबतं आणि पट्टा ढिला पडतो. आम्ही पातळ स्वेटर घालून पट्टा लावतो आणि वरून आईंनी शिवलेली गोधडी. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात असेल तर बकलला आधी हात लावून बघा, चटका बसतो. मी सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवते. तान्ह्या बाळाला दीड-दोन तासांनी बाहेर काढायचं, पुण्याला जाताना आम्ही संगमनेरला थांबतोच, दूध पाजणं तिथेच, चालत्या गाडीत नाही. आणि घरी आल्यावर झोपलंय म्हणून कॅरियरमध्येच तासन्‌तास ठेवू नका, मान पुढे पडून श्वासाला अडथळा येतो.

खर्च विचारलात म्हणून सांगते, दोन्ही मिळून 27 हजार गेले. बारशाला हॉल आणि जेवणावळ यापेक्षा जास्त झाली होती आणि त्याबद्दल कुणी एका शब्दाने बोललं नाही, सीटबद्दल मात्र सहा महिने ऐकलं. कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून, कलम 194बी. आपल्या रस्त्यांवर तो कुणी घेताना मी तरी बघितलं नाही. घ्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

चिऊ पहिले पंधरा दिवस रडली. गाडी जागेवर उभी ठेवून, तिच्या बाहुलीलाही पट्टा लावून, गाणी म्हणत बसलो. ती कितीही रडली तरी चालत्या गाडीत पट्टा एकदाही सोडला नाही, आईंनीही मन घट्ट केलं. आता आई स्वतः पुढे बसल्या की मागे वळून विचारतात, "चिऊ, टक् झालं का?" आणि ती "झालं" म्हणेपर्यंत नवऱ्याला गिअर टाकू देत नाहीत.

चिऊ आता साडेपंधरा किलोची झालीये आणि पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या फटीपासून खांदा दोनच बोटं खाली राहिलाय, म्हणजे बूस्टर बघायला लागणार. पाठ असलेलाच हवाय, आणि 44 सेंटीमीटरपेक्षा रुंद चालणार नाही. नाशकात कुणाकडे असेल तर सांगा, रविवारी सकाळी येऊन माझ्या गाडीत लावून बघते.