मुंगी सोडली तरी फूल हललं नाही, त्याबद्दल

नमस्कार दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की 'मांसाहारी सीतेची आसवं' हे टायटल मी नुसतं क्लिकसाठी दिलं, तुम्ही कणकुंबीच्या माळावर सीतेची आसवं ह्या बारीक जीव खाणाऱ्या छोट्या झाडाच्या जांभळ्या फुलावर मुंगी सोडून बघितली आणि ती आरामात फिरून खाली उतरली, आणि असलं काय बघायचं तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर जावं, बेळगावच्या खानापूर तालुक्यात काय ठेवलंय.

आधी मुंगीचं. फूल शिकार करतच नाही की ओ! त्याचं काम माशा-मधमाशा बोलवायचं. शिकार चालते खाली चिखलात. ह्या झाडाला खरी मुळंच नसतात, चिखलात बारीक धागे पसरलेले असतात आणि त्यांना लागून मिठाच्या कणाएवढ्या पिशव्या. पिशवी आतलं पाणी सारखं बाहेर टाकते, त्यामुळं भिंती आत ओढल्या जातात, दार मात्र घट्ट बंद, आणि दारापाशी एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो, सेकंदाच्या अगदी बारीक भागात. डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. डार्विनसारख्या माणसानं सुद्धा १८७५ साली लिहिताना प्राणी स्वतःच दार ढकलून आत शिरतात असं धरलं होतं. तुमची मुंगी तर त्या दारातनं मावणारच नाही.

चिकटलेली मुंगीच बघायची असेल तर तसल्याच ओल्या जागेत दवबिंदू नावाचं झाड शोधा, त्याच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, ते झाड वेगळं.

आता कास. २०१२ साली ते युनेस्कोच्या यादीत आलं हे खरं, पण झाडाला यादी कुठं कळते. त्याला लागतो जांभा दगड, वर बोटभर माती, साठून राहिलेलं पावसाचं पाणी, आणि मातीत नत्र-स्फुरद कमी, कारण तिथं मोठं गवत माजत नाही आणि पोटाची सोय पिशव्यांवर भागते. जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत असले माळ आहेतच की, पाऊस पण भरपूर. युरिया पडलेल्या जमिनीत मात्र गवत ह्याला दाबून टाकतं.

सप्टेंबरात परत जा, पाणी आटलं की सगळं संपतं. भिंग न्या, आणि हो, उपटू नका, चिखलात बोट घालून बघायला गेलात तरी धागे तुटतात.