‘राजीनामा लिहून द्या, हिशेब नंतर होईल’ : हा सल्ला मानू नका

नोकरी गेलेल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कंपनीनं जायला सांगितलं की वाद न घालता राजीनामा द्यावा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर आणि पीएफ अडकत नाही. नोटीस पगार हा कंपनीच्या मर्जीचा विषय. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, 45 ते 60 दिवसांनी होतो, तोवर विचारू नये. काढून टाकलेल्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी एकरकमी रक्कम, मिळत नाही. आणि हिशेबावर एकदा सही केली की विषय संपला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण आधीच धास्तावलेला माणूस हे वाचतो आणि हक्काच्या पैशावर पाणी सोडतो. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी राजीनाम्याचं, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराची छाटणी करायची तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, किंवा नोटिशीऐवजी तेवढा पगार. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं, आणि तेही छाटणीच्या वेळीच. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हेच होतं. ही पूर्तता न करता केलेली छाटणी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1960 सालीच सांगितलंय.

यातलं काहीही स्वेच्छेनं राजीनामा देणाऱ्याला लागू होत नाही. म्हणूनच तर त्या मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवून ‘राजीनामा टाका, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं सांगितलं जातं. पुढे ‘माझ्याकडून तो जबरदस्तीनं घेतला’ असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

हिशेबाचा कागद नीट पाहिलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. राजीनामा घेऊन त्याच दिवशी घरी पाठवलेल्या माणसाच्या कागदावर कपातीच्या रकान्यात ‘नोटीस रिकव्हरी’ अशी ओळ येते. सिस्टीममध्ये नोंद राजीनाम्याची, नोटीस कालावधी पूर्ण केलेला नाही, म्हणून त्याच्याच पैशातून वजावट! ज्याला नोटीस पगार मिळायला हवा होता, त्याच्याकडूनच तो वसूल होतो. हे पाहिलं की माझा संताप होतो. तेव्हा दडपण आलं तर एवढंच मेल करा: ‘मी राजीनामा देत नाही. मला कामावरून कमी करत असाल तर कारण आणि तारीख लेखी कळवा.’

राहिला पीएफ. तो कंपनीच्या तिजोरीत नसतोच, भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे तुमच्या यूएएनखाली, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाखाली, असतो. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिने उलटले की ती पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. या भीतीपोटी राजीनामा देण्याचं काही कारण नाही.

‘नोटीस पगार कंपनीच्या मर्जीवर.’ कामगारांच्या बाबतीत हे साफ चूक आहे, ते वर आलंच. मात्र कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत, आणि दरमहा 18,000 रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षकही येत नाहीत. कोण कुठे बसतो हे कार्डावरच्या हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावरून ठरतं. नावापुढे ‘मॅनेजर’ असूनही हाताखाली एकही माणूस नसलेले कितीतरी जण असतात. आणि जे खरोखर व्याख्येबाहेर आहेत त्यांच्यासाठी नेमणूक पत्रातलं नोटिशीचं कलम आहेच. तो करार कंपनीवरही बंधनकारक असतो.

‘45 ते 60 दिवस.’ वेतन संहितेचं कलम 17 सांगतं की काढून टाकलं, छाटणी झाली, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळालं पाहिजे. 1936च्या वेतन अदायगी कायद्यातही काढून टाकलेल्यांसाठी हीच मुदत होती, पण तो 24,000 रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. आता पगाराची अट नाही, मॅनेजरही यात आले. 45 दिवसांचा आकडा कायद्यात आहे खरा, पण तो वेगळ्याच पैशासाठी: छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून (छाटणी झालेल्यांसाठीच्या खास निधीतून) 15 दिवसांचं वेतन जमा करण्याची ती मुदत आहे.

ग्रॅच्युइटी. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग सेवा झाली असेल, तर नोकरी कशीही संपो, ती मिळते. चार वर्षं 240 दिवसही काही निकालांत पुरेसे मानले गेलेत. मुदतीच्या करारावर असाल तर आता एक वर्षाच्या सेवेनंतरही सेवेच्या प्रमाणात हक्क आहे. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची, म्हणजे न देण्याची, कारणं मोजकी आहेत: जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे मालमत्तेचं नुकसान केल्यामुळे काढलं असेल तर नुकसानीपुरती, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढलं असेल तर अंशतः वा पूर्ण. ‘परफॉर्मन्स कमी’ हे कारण त्यात बसत नाही.

आकडेमोड सोपी आहे. शेवटचं वेतन 26,000 आणि सेवा 7 वर्षं 8 महिने धरा. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मानतात, म्हणून 8 वर्षं. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतात, म्हणून 26,000 भागिले 26 गुणिले 15 म्हणजे वर्षाला 15,000, एकूण 1,20,000 रुपये. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. त्याच माणसाची छाटणी भरपाईही लाखाच्या वर जाते, आणि राजीनाम्याच्या एका ओळीत तो ती गमावतो.

‘सही केली, संपलं.’ नाही. वेतन संहितेखालची रक्कम सोडून देणारा करार त्याच संहितेनं रद्दबातल ठरवलाय. तरी सही करताना ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली’ असं हातानं लिहा आणि कागदाचा फोटो काढा.

वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कामावरून काढण्यालाच आव्हान द्यायचं असेल तर मात्र न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, पूर्वी ती तीन होती. लॅपटॉप परत करण्याआधी पगाराच्या स्लिपा, हजेरी, शिल्लक रजेचा तपशील आणि नेमणूक पत्र स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. बऱ्याच ठिकाणी लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं.